गिट्टी

हंसापुरीतला सलामतभाई म्हणाला होता,
हवा थोडी कमीच ठेवा, ताई.
ठासून भरलेलं चाक
प्रत्येक खड्याशी भांडतं.

कळमन्याच्या धर्मकाट्यावर आठवडाभर
मी वजनं लिहिते.
भरला ट्रक, रिकामा ट्रक, मधला फरक.
रविवारी पहाटे देवलापारचा रिकामा टेम्पो
मला नि सायकलीला मनसरला उतरवून देतो.
पैसे घेत नाही. म्हणतो,
तुमचं असं काय वजन आहे.

डांबर संपतं तिथे मी थांबते.
बाटली हलवून बघते, रुमाल बांधते,
आणि पुढचं चाक मुरमात घालते,
जसा पाय घालावा
कोण जाणे किती खोल पाण्यात.

कालव्याच्या कडेनं आधी लाल धूळ,
मग डोंगराच्या मागे वळलं की काळी गिट्टी,
खाणीतून सांडलेली, उन्हात जांभळट,
कोरडी असून ओली वाटणारी.
ती चाकाखाली बोलते.
चढावर दात खाते,
सपाटीवर तांदूळ निवडल्यासारखा आवाज,
उतारावर मात्र एकदम सगळ्या बाया एकाच वेळी.

चैत्र. आठालाच ऊन मानेवर हात ठेवून बसलेलं.
सागाला पान नाही,
वाटेवर सावल्या पडल्यात त्याही काड्यांच्या.
मोहाखाली कुणी जाळून साफ केलेली वर्तुळं
आणि त्यांत फुलं, ओलसर, फुगलेली.
दोन तासांत एक माणूस नाही.
माझाच श्वास मला मागून गाठतो,
पुढे निघून जातो.

तिसऱ्या चढाला बकऱ्या.
त्यांच्यामागे फागोजी नेवारे
(नाव नंतर कळलं, शिमग्याला जन्मले म्हणून).
काहून ओ बाई,
खाली इतका गुळगुळीत रोड हाये,
त इकडून काहून मरता?

तिकडून ट्रक जातात, मी म्हणाले.
हे खरं होतं
आणि उत्तर नव्हतं.

ते सायकलीभोवती फिरले.
बकरीची कास बघावी
तसं अंगठ्यानं टायर दाबलं.
अर्धं दूध काढल्यावानी हाये.
मग बराच वेळ काही नाही, मग हळूच,
एक चक्कर मारू का?

धोतर खोचलं. काठी माझ्या हातात दिली.
वळणावर पांढरा सदरा एकदा फुगला
आणि नाहीसा झाला.

मी बकऱ्या मोजल्या. एकोणीस.
पुन्हा मोजल्या. अठरा.
सायकलीची किंमत आठवली.
लाज वाटली.
पुन्हा आठवली.
हातात काठी असली की माणूस
उगाच हुर्र हुर्र करतो, हेही कळलं;
एकीनंही मान वर केली नाही.
ऊन पायांवरून गुडघ्यांवर आलं.

आधी आवाज आला,
बारीक, सावकाश, ढकलत आणलेल्या चाकाचा.
मग ते. कोपर सोललेलं, सदऱ्याला धूळ,
तोंडभर हसू.
पडलो, बाप्पा!
घरात पोर झाल्याचं सांगावं तसं म्हणाले.
उतारावर हे आपल्याले इचारतच नाही.

ब्रेक दाबला असेल, मी म्हणाले.
दाबन नाही त काय करन!
माझ्या कोपराची जुनी खूण दाखवली.
त्यांनी ती नीट पाहिली,
आपल्या कोपराशेजारी धरून.

मग एकच नजर फिरवली कळपावर.
एक कमी हाये.
ती माझ्याच पाठीमागे उभी होती,
दगडावर ठेवलेल्या हेल्मेटचा पट्टा
शेवटच्या इंचापर्यंत चघळत.

पळसाच्या मुळाची दोरी होती त्यांच्या कमरेला.
दातानं तोडून तुकडा दिला,
हनुवटीखाली गाठही त्यांनीच मारली,
घट्ट, शेळीच्या मापाची.

मंगळवारी सलामतभाईनं विचारलं,
हे काय बांधून आणलंत, नवा पट्टा टाकू?
राहू द्या, म्हटलं.
हवा तेवढी बघा.
त्यानं अंगठा टेकवला, दाबला,
आणि मला अर्ध्या दुधाचं हसू आलं,
ते त्याला सांगत बसले नाही.