ह्यांना काल नाही

मंगळवारी साडेसहाला ते येतात
मेथॉडिस्ट चॅपलच्या मागच्या खोलीत,
हात तीनदा धुऊन, वर लिंबू चोळून,
तरी खोलीभर हॅडकचा वास.
ग्रिम्स्बीत हा वास कुणालाच येत नाही म्हणतात.
मला येतो. चाळीस वर्षं गोदीच्या हपिसात
मी माशांची फक्त बिलं केली.

फळ्यावर लिहिते: हॅडक. हे नाम.
कालचा हॅडक, आजचा हॅडक,
शब्दाला काही होत नाही, जे व्हायचं ते माशाला.
इतर नामांना निदान अनेकवचनाचा स तरी लागतो,
ह्याला तोही नाही. एक हॅडक, नऊ टन हॅडक.
'शब्द बर्फात ठेवलाय,' रेबवार म्हणतो.
मग कोल्ड. हे विशेषण.
काल कोल्ड, आज कोल्ड, दाइवाला कोल्ड,
हीटरमधलं नाणं संपलं की सगळ्यांनाच.
इन, ऑन, अ‍ॅट ह्या खुंट्या.
ओला कोट अडकवा नाहीतर कोरडा,
त्या आपल्या भिंतीत.

आणि क्रियापद.
घड्याळ कळतं ते ह्यालाच.
गो म्हणून पाठ वळवावी तर वेंट होऊन बसलेलं,
चेहरा असा बदललेला
की सख्ख्या आईने दार उघडू नये.
तो किंवा ती आली की शेपटीला स,
मी आले की नाही.
का, ते मला विचारू नका, मी हिशेबनीस होते.
रेबवार विचारतोच: मस्टचा भूतकाळ?
नाही, मी म्हणते, मस्टला भूतकाळ नसतो.
'फॅक्टरीत सांगू नका,' तो म्हणतो,
आणि दाइवा पहिल्यांदा मोठ्याने हसते.

लेतेब्रहान हसत नाही. ती केरेनची.
तिच्या भाषेत, ती सांगते, क्रियापद शेवटी येतं.
आधी भाऊ, मग समुद्र, मग रात्र,
मग होडीचा निळा, मग किती माणसं,
हे सगळं मांडून होईपर्यंत थोडा वेळ मिळतो,
सांगणाऱ्याला, आणि ऐकणाऱ्यालाही.
तुमचं क्रियापद दारातच उभं असतं.
माय ब्रदर, एवढंच म्हटलं
की आडवा हात घालून विचारतं:
इज? की वॉज?

तिच्या वहीत माय ब्रदर
आणि पुढे बोटभर जागा.
लाल पेनचं टोपण मी काढलं होतं.
परत लावलं.

पुढच्या मंगळवारी अनियमित क्रियापदांचा तक्ता.
ब्रिंग ब्रॉट, कॅच कॉट,
सगळे कंटाळलेले, शिफ्ट पहाटे चारची.
ती मात्र बोट ठेवून वाचत होती,
आणि कटपाशी थांबली.
कट, कट, कट. तिन्ही रकान्यांत एकच.
रोज आय कट. येस्टरडे आय कट.
तिच्या अंगठ्याला निळी पट्टी होती.
मग तिने तसले सगळे शोधून काढले,
पुट, शट, हर्ट, लेट,
आणि वेगळ्या पानावर उतरवले,
बाजारातून निवडून आणल्यासारखे.
'ह्यांना काल नाही?'
आहे, मी म्हटलं, पण दिसत नाही.

गृहपाठ पाच वाक्यांचा होता.
चार माशांची, सुरीची, शिफ्टची.
पाचवं: आय लेट हिम गो फर्स्ट.

त्याला आधी जाऊ दिलं,
की जाऊ देते आहे अजून, रोज,
हे त्या वाक्याला कितीही विचारलं तरी सांगत नाही.
व्याकरणात चूक नव्हती.
मी बरोबरची खूण केली, जरा वाकडी आली.
चहाचं भांडं उकळून उकळून बंद पडलं,
दाइवाने खुर्च्या एकावर एक रचल्या.
नऊची बस पकडायची होती तिला,
लेतेब्रहानला. 'आय गो,' म्हणाली.
मी सुधारलं नाही.