साखळी क्रमांक शून्य-आठशेपन्नास

धुळवड होऊन सहा दिवस झाले,
शिकलगार बाईंच्या कानामागे अजून थोडा जांभळा आहे.
त्या पुढे, मी मागे, सायकली हातात;
खाणीच्या अंगाचा हा चढ
चाकांना मान्य नाही.

टेकडीचं नाव लिहीत नाही.
पुण्यात टेकड्या मोजक्या,
ओळखणारा ओळखेल.

वाळलेल्या गवताची कुसळं
मोज्यांतून आत शिरून घोट्याशी भांडतात.
गिरिपुष्प गुलाबी होऊन वाटभर सांडलंय.
"दिसायला छान," बाई म्हणतात, "पण परकं.
खाली दुसऱ्या कुणाला जगू देत नाही."
मी मान हलवतो.
मला नुसतं गुलाबी दिसलं होतं.

त्या जीवशास्त्र शिकवतात, हडपसरहून येतात,
चारला उठून, अख्खं शहर सायकलने ओलांडून.
मी नकाशे काढतो, एवढंच सांगितलंय.
कसले, ते त्यांनी विचारलं नाही.

पुढे गणेर: पान एक नाही आणि फुलं पिवळीधमक,
जणू घर रिकामं करताना कुणी
दिवे तेवढे चालू ठेवून गेलं.
काटेसावरीखाली लाल फुलांचा चिखल,
त्यात चोच बुडवून एक साळुंकी.
तांबट कुठूनतरी पत्र्यावर ठोके मारत बसलाय,
त्याला रविवार नाही.

मग वाट डावीकडे वळते
आणि ओळखीची वाटते.
मी इथे कधी आलेलो नाही.
मी इथे पडद्यावर आलोय, सतरा महिने:
उंचीच्या करड्या रेषा, मीटरमीटरला एक,
आणि त्यांना कापत गेलेली लाल रेघ, माझ्या हातची,
अठरा मीटर रुंद.
वळण सौम्य यावं म्हणून तीनदा खोडली होती.
साहेब म्हणाले होते, शिर्के, सुरेख वळण आलंय.
सुरेखच आलं होतं.

"हा बघा," बाई थांबतात.
कांडोळ.
उघडा, पांढरा, कातळात पाय रुतवून,
अंगावरचे पापुद्रे वाऱ्याला हलतायत.
"हात लावा. उन्हातही गार लागतो."
मी हात लावतो.
साखळी क्रमांक शून्य-आठशेपन्नास,
मध्यरेषेच्या डावीकडे चार मीटर.
आमच्या यादीत इथे लिहिलंय:
झुडपे, किरकोळ.

सांगावं का?
रेघ आता माझी नाही, ती फायलीत,
फाईल कुणाच्या तरी टेबलावर, तिच्यावर दुसरी फाईल.
काही रेघा तशाच म्हाताऱ्या होतात.
एवढी समजूत काढेपर्यंत
माझ्या मागच्या चाकातली हवा गेली.

बाभळीचा काटा, बोटभर.
बाईंनी नखाने ओढून काढला,
टाकला नाही, ओठांत धरला,
आणि तशाच म्हणाल्या, "पाना द्या. पंप तुम्ही मारा."
मी पंप मारत राहिलो.
"तुमच्या नकाशात ही वाट आहे का हो?"
"नाही. पायवाटा आम्ही दाखवत नाही."
"का?"
पंपाचा आवाज बराच होता,
उत्तर दिलं असतं तरी ऐकू गेलं नसतं,
असं आपलं मी धरून चाललो.

उतारावर त्या सुसाट गेल्या.
करंजाची कोवळी पालवी दोन्हीकडून चमकत होती,
मी मात्र दोन्ही ब्रेक धरून, खडी मोजत.

खाली पोह्यांच्या गाडीवर
सुट्टे शोधायला खिशात हात घातला,
तर नोटांत कांडोळाचा पापुद्रा.
कधी काढला, आठवेना.
बटर पेपरइतका पातळ, आरपार दिसणारा,
आणि अजून
त्यावर कुणी काही काढलेलं नव्हतं.

"शिर्के, लिंबू हवंय?" बाईंनी विचारलं.
"बाई," मी म्हणालो,
"तो नकाशा कसला, ते विचारा ना."