यम गेल्यावर

सिव्हिलमध्ये, खाट मिळाली नाही म्हणून फरशीवर,
अनुषाला तिसऱ्या रात्रीही ताप एकशे चार.
मी तेव्हा दुसऱ्याच्या मागावर, आठवड्याच्या पगाराला.
भूदेवी व्हरांड्यात, मांडीवर सूप घेऊन,
कारण हजार भरल्याशिवाय
कारखान्याच्या दारात कुणी उभं करत नव्हतं.
पान, तंबाखू, दोरा. पान, तंबाखू, दोरा.
दर विडीला एक नाव घेत होती,
तेलुगूत, ओठांच्या आत.
नऊशे ऐंशीनंतर तिची मोजणी चुकली,
नाव चुकलं नाही.

रात्री दोनला मी चालत सुटलो
मार्कंडेयाच्या देवळापर्यंत. दार बंद.
कुलपाला कपाळ टेकलं.
त्या लोखंडाचा वास अजून आहे नाकात.
काय बोललो आठवत नाही,
शिवीसारखंच काहीतरी असावं.

पहाटे पोरीला घाम फुटला.

आता अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, बारा माग माझे.
टॉवेल जातात अशा गावांना
ज्यांची नावं मला नीट वाचता येत नाहीत.
भूदेवीच्या बोटांवरचा पिवळा डाग कधी गेला
तिलाही माहीत नाही.
नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं की सहाव्या,
घरात कुणी विचारत नाही. गच्चीवर दोन टाक्या.
देवघरात विजेची समई. तेल नको, वात नको.
विझत नाही,
म्हणून तिच्याकडे कुणी बघतही नाही.

परवा दुपारी जेवून कूलरसमोर आडवा झालो.
कडक भाकरी, शेंगाचटणी, वर घट्ट दही.
अनुषाचा हैदराबादहून फोन.
बागुन्नाम् नाना, म्हणाली, सगळं ठीक.
फोन ठेवला, आणि कूलरच्या आवाजात
एकदम उमगलं
की वरच्याकडे काही मागून मला वर्षं झाली.
मागितलं नाही, ते जाऊ दे.
बोललोही नव्हतो.

लहानपणी देवळातलं चित्र बघत बसायचो.
सोळा वर्षांचा पोर, पिंडीला मिठी,
मागे रेडा, फास, लाल डोळे.
महादेव प्रकटायचे, यम परत जायचा,
आणि खोबऱ्याचा प्रसाद हातावर पडायचा.
गोष्ट तिथंच संपायची.
यम गेल्यावर पोरानं हात सोडले का,
हे मी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.
पुढं त्याला मोठं आयुष्य मिळालं म्हणतात.
त्यातल्या एखाद्या अशाच भरल्या पोटाच्या दुपारी,
फास नाही, रेडा नाही,
गेला असेल का तो उगाच पिंडीपाशी?

त्या रात्री मी पोरीचा श्वास मोजत होतो.
आज मोजत नाही.
म्हणून काय तो आमच्या टाकीतून येतो?

मागावर तार तुटली की ड्रॉपर पडतो,
लाल दिवा लागतो, माग जागच्या जागी उभा.
पण कधी कापसाची धूळ साचून ड्रॉपर अडकतो.
तार तुटलेली, माग चालू,
कापड छान गुंडाळलं जातंय,
दहा मीटर, वीस मीटर...
उजेडाला धरल्याशिवाय ती रेघ दिसत नाही.

उठलो. भर उन्हात कारखान्यात गेलो.
सात नंबरचा माग स्वतःच्या हातानं बंद केला.
बाकीचे अकरा धडधडत होते.
राजमल्लू पान्हा घेऊन धावत आला,
तार तुटली का मालक?
दिवा लागला नव्हता. तो वाकून वाकून शोधत राहिला.
मी ताण्यावर तळहात ठेवून उभा.
गरम होता ताणा, थरथरत होता थोडा,
शेजारच्या मागांमुळं असेल.

काही नाही, म्हटलं. कर चालू.

त्यानं बटणाकडं हात नेला, माझ्याकडं बघितलं,
थांबला.
माझा हात अजून तिथंच होता.