मोजे

पोर्तुगाल कोव्ह साउथच्या पुढे डांबर संपतं,
मग खडी, मग नुसतं ओलं गवत.
फिलोमिना हार्टरी पुढे चालते, वय एकसष्ट,
पाठीवर पिशवी, पिशवीत अकरा जणांचे मोजे.
सगळ्यांना सरसकट "लव्ह" म्हणते.
माझं नाव दोनदा विचारलं,
मग तेही "लव्ह"मध्येच जमा करून टाकलं.

धुकं असं, की पुढच्याची पाठ तेवढी दिसते.
"ह्याच धुक्यात जहाजं फसायची.
खलाशांना वाटायचं, आलं केप रेस, वळा आता उत्तरेला,
आणि वळायचे ते थेट खडकावर.
म्हणून ह्याचं नाव चुकलेलं टोक."
नकाशावर ती चूक तशीच राहू दिलीय,
खाडाखोड न करता.

वाटेत दलदलीत केशरी फळं, प्रत्येक देठावर एकच.
"खा, पण एकेकच हं.
बाकीची माझ्या बहिणीच्या जॅमची."

कड्यापाशी ती पिशवी उघडते. बूट काढायचे.
इथे देवबिव कुणी नाही,
दगड झिजू नये एवढंच कारण.
तरी सगळ्यांचे आवाज आपोआप खाली येतात.

शिळा समुद्राकडे कललेली, छपरासारखी.
हा तळ होता म्हणे, उजेड न पोचणारा.
कुठल्याशा ज्वालामुखीची राख वरून बसली,
छप्पन्न कोटी वर्षं झाली त्याला.
फिलोमिना सांगते अशी,
की शेजारच्या घरात परवा काहीतरी झालं.
नेच्याच्या पानांसारखे जीव होते इथे.
तोंड नाही, पोट नाही, डोळे नाहीत,
पळायला पाय नाहीत,
आणि पळायचं कुणापासून?
खाणारं अजून कुणी झालंच नव्हतं.

मी बघते. काही नाही.
करडा दगड, त्यावर करडं पाणी.
"तिरपं ऊन लागतं, लव्ह. संध्याकाळचं.
सावली पडली की उठतात."
आज ऊन नाही.
टोरंटोहून आलेला एकजण हळूच घड्याळ बघतो.

मग ती सरळ आडवी होते,
गाल जवळजवळ दगडाला लावून,
खिशातला टॉर्च काढते, शिळेला समांतर धरते
आणि पान उमटतं.
एक. शेजारी दुसरं. मग अख्खी शिळाच.
सगळी एकाच बाजूला वाकलेली.
ज्या प्रवाहानं वाकवली
तो केव्हाच निघून गेलेला.

"बाबा असेच वाकायचे,"
ती म्हणते, आमच्याकडे न बघता,
"होडीच्या काठावरून,
काचेच्या बुडाची पेटी पाण्यात धरून,
खाली कॉड आहे का बघायला.
ब्याण्णवच्या जुलैत सरकारनं समुद्र बंद केला,
दुकान बंद करतात तसा.
त्यांना वाटलं, दोन वर्षांचा प्रश्न.
जाळी धुतली, सांधली, टांगून ठेवली.
आहेत अजून.
मी चाळिशीत ह्या लोकांची नावं पाठ केली,
सगळी लॅटिन.
शाळेत कविता पाठ होत नव्हती मला."

ह्या लोकांची, म्हणाली.
मी नीट ऐकलं.

टॉर्च विझला. दगड पुन्हा दगड.
केप रेसचा भोंगा लांबून हंबरला,
धुक्यात कोण आहे ते न बघताच.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती:
माझ्या उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.
एवढा वेळ तेवढीच जागा,
नखाखालचा वाटाण्याएवढा तुकडा,
थेट टेकलेला होता
त्या गार, किंचित खरखरीत राखेला.
खालचा जीव बिनतोंडाचा.
मीही गप्प.

वर आल्यावर फिलोमिनानं मोजे मोजले. बावीस.
एकात बोट घालून बघितलं.
बोट आरपार आलं.
तिनं माझ्याकडे पाहिलं, बोलली काही नाही,
आणि तो एवढा मोजा
वेगळ्या खिशात ठेवला.