मानेपाशी

सारेमा बेटावर मार्च म्हणजे अजून बर्फच.
दुधाची खोकी कापून त्यांत टोमॅटो लावलेत,
खिडकीत, रेडिएटरच्या वर.

सकाळी सात रोपं आडवी.
काल चार होती.
पानं हिरवीगार, तरी कलंडलेली,
जेवता जेवता पोर पेंगावं तशी.

एक चिमटीत धरून उचललं.
कीड नाही. पानावर डाग नाही.
फक्त मातीला टेकते तिथे मान
दोऱ्याएवढी, तपकिरी, पिचपिचीत.

थंडी? फटी तर मी लोकरीनं बुजवल्यात.
बियाणं? लिंडाकडचं, दरवर्षीचंच.
तिच्याकडे म्हणे वीतभर झालीत. असोत.

मग मातीत बोट खुपसलं.
चिखल.
मी पाणी घातलं रविवारी,
तेही चमच्यानं.

रात्री तीनला स्वयंपाकघरात दिवा दिसला.
काल्यू, अनवाणी,
चहाची किटली घेऊन
एकेका खोक्यावर वाकतोय.
ओठ हलत होते.
थेंब मोजत होता की बोलत होता, कळलं नाही.

होडी विकल्यापासून त्याला झोप नाही,
हे ठाऊक होतं.
ती जाग तो कुठे नेऊन ओततो,
हे नव्हतं.

मी मागच्या पावली येऊन पडले.

उजाडल्यावर विणायच्या सुईनं
खोक्यांच्या बुडाला भोकं पाडली.
उरलेल्या अकरांच्या गळ्याभोवती
कोरडी वाळू पसरली, किनाऱ्यावरची.
किटली होती तिथेच ठेवली.

भरली मात्र अर्धीच.