अडकमोलची बाकी

भुसावळच्या यार्डात डबे धुणाऱ्या बापाला
बर्थखाली सापडली एक कॅसेट,
लेबल पुसलेलं, बी साईड अर्धी चावलेली.
तिथून सुरू झाला हिरालाल अडकमोल.
रेगे हा शब्द त्याला चार वर्षांनी कळला,
तोवर तो म्हणायचा, लंगडं गाणं.

लंगडं, कारण पहिल्या मात्रेवर
कुणी पायच ठेवत नाही.
मुराद तडवीला हे शिकवता शिकवता
अख्खा उन्हाळा गेला
माझ्या साऊंड सर्व्हिसच्या पत्र्याखाली.
मुरादचा हात सवयीनं पडायचाच.
"थांब ना भो, जागा सोड."
"कोणासाठी?"
"येईल कोणी. तू सोड तर खरी."

डोक्यावर आईनं विणलेली लोकरीची टोपी, मे महिन्यातही.
खाली जटाबिटा काही नव्हत्या,
तिशीतच टक्कल.

पहिला कार्यक्रम रावेरकडे, केळी कापणाऱ्यांच्या वस्तीवर.
सगळ्यांच्या शर्टांवर चिकाचे काळे डाग.
आईच्या, धुळ्याकडच्या अहिराणीत त्यानं विचारलं,
पानी कोनं शे?
आणि गप्प राहिला, जरा जास्तच वेळ.
मागून एक म्हातारी बोलली, "मालकाचं."
ते गाण्यात राहून गेलं.

मग राखेचं गाणं.
वीजकेंद्राची राख, वाळत घातलेल्या पापडांवर
आणि झोपलेल्या पोराच्या पापण्यांवर बसणारी.
तीन गावांत गाजलं. चौथ्यात आमचे बॉक्स फोडले
(दोन ट्विटर, एक अँप्लिफायर, वहीत नोंद आहे).

पुण्याच्या कंपनीनं बोलावलं. म्हणाले, विग घाला.
म्हणाले, 'राख' काढून 'राणी' बसवा, काय फरक पडतो?
"एक मात्रा जास्त होते," हिरालाल म्हणाला
आणि रात्रीच्या गाडीनं परत आला.
उतरल्याबरोबर कळण्याची भाकरी मागितली, भरीत मागितलं,
कंपनीबद्दल बोलला नाही.

मुराद सुरतेला गेला, साड्यांच्या मिलमध्ये.
बेसवाला किशोर बऱ्हाटे पोलिसात लागला.
एका धरण्यावर दोघं समोरासमोर आले,
किशोरनं ओळख दाखवली नाही.
बूट मात्र हलत होता, म्हणे, तिसऱ्या मात्रेवर.
हिरालाल आता शाळेची व्हॅन चालवतो.

गेल्या निवडणुकीत सभेला बॉक्स माझेच होते.
पेन ड्राइव्ह त्यांचा. मी प्लग लावला
आणि वाजलं काय, तर पानी कोनं शे,
गळा दुसऱ्याच कुणाचा,
'मालकाचं'च्या जागी उमेदवाराचं नाव
आणि पहिल्या मात्रेवर धाड धाड ढोल,
मुंगी शिरेल एवढीही जागा नाही.
मी भाडं घेतलं. रोख.

रात्री तो दुकानात आला.
व्हॅनमधून ऐकलं होतं त्यानं, पोरांसोबत.
पोरं नाचली, म्हणाला.
मला वाटलं आता शिव्या घालेल.
"मुरादला फोन लाव."
लावला. पाळी चालू होती,
मुराद हॅलो हॅलो करत राहिला, मागं मागाची खटखट.
हिरालालनं टोपी काढली, फोन कानाला धरला,
एक शब्द बोलला नाही.
टेबलावर बोटानं वाजवायला लागला,
मागाच्या दर पहिल्या ठोक्याला
बोट वर, हवेत.
हॅलो थांबलं. मुरादला कळलं असावं.

त्याच्या नावावर चौदाशे पन्नास बाकी आहेत,
सत्त्याण्णव सालापासून.
दर दिवाळीला नव्या वहीत उतरवून घेतो.
परवा द्यायला आला, नोटा मोजून, रबर लावून.
म्हटलं, राहू दे आज,
सुटे नाहीत.