वर्ज्य

खामल्यात, दुसऱ्या मजल्यावर, ऐन मे महिन्यात
दुपारी साडेबाराला क्लास भरतो अजून.
सहा होतो. उरलो दोघं : मी,
आणि कोराडीला राखेच्या पाइपांवर काम करणारा
जितेंद्र उईके. नाईट संपवून येतो,
न झोपता.

कूलर काळी दोनच्या आसपास घुमतो,
जरासा उतरलेला.
पांढरीपांडेबाई पूर्वी तंबोराच त्याच्याशी लावून घेत.
"याचा रियाज दांडगा आहे जी," म्हणत.
यंदा भोपळ्याला चीर गेली, केसाएवढी.
डिंक भरला. आठ दिवसांत डिंकही तडकला.

"सारंग दुपारची. पण ही कुठली दुपार?
मी शिकले ती दुपार
धंतोलीतल्या एका कडुलिंबाखाली मावायची.
आता सकाळी नवालाच बारा वाजतात."
"मग तोडी कधी गायची?" मी विचारते.
बाई खुंटी पिळत राहतात.

जितेंद्र आलापात गंधाराला शिवतो.
बाई थांबवतात. तो पुन्हा शिवतो.
गळा दमलेला, सवयीच्या उतारावरून घरंगळतो.
"काहून नको पण? वाईट आहे का गंधार?"
"नाही रे बाप्पा. गोड आहे.
पण वृंदावनीत तो नाही. धैवतही नाही.
रिषभावरून सरळ मध्यमावर जा,
मधली जागा तशीच राहू दे, उघडी.
सावली तिथेच पडते."

तो टॉवेलनं मान पुसतो. टॉवेल करडा होतो.
"आमच्याकडे काही वर्ज्य नाही, बाई.
सगळी युनिटं, रात्रभर. सगळे सूर एकदम."

बाई उठतात. कूलरचं बटण बंद करतात.
"याने काय होणार?" तो हसतो.
"तिकडे काटासुद्धा हलणार नाही."
"माहीत आहे," बाई म्हणतात,
"मला भोपळ्याची चीर ऐकायची आहे."

आणि ऐकू येते. षड्जाच्या पोटात
एक बारीक खरखर, कुणी वाळूवरून चालल्यासारखी.
तिच्यावर तो आवाज ठेवतो.
रे. थांबतो.
खोलीतली हवा जाड, दाराची कडी हाताला चटका देणारी,
खाली रस्त्यावर चिटपाखरू नाही.
म.
मधे काहीच नव्हतं
आणि ते आम्हा तिघांनाही ऐकू आलं.

अकरा मिनिटं.
मग मीच उठून कूलर लावला,
मला खोटं लिहायचं नाही.
तो घुमू लागला, जरासा उतरलेला,
आणि जितेंद्र भिंतीला टेकून झोपला होता,
बोटं मांडीवर, तिसरं
उचललेलं.